इसबगोलाने माणूस मरत नाही

त्या म्हाताऱ्याच्या मृत्यूचं प्रकरण मी अजून विसरू शकलेलो नाही. नोकरीत असताना त्याबद्दल कुणाशी बोललो नाही, घरीसुद्धा नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेतली तेव्हा लोकांनी तब्येतीचं कारण धरलं, मीही ते धरू दिलं.

तेव्हा मी दारव्ह्याकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कपाशीवर फवारणीचे दिवस होते. या दिवसांत आमच्या जिल्ह्यातल्या ठाण्यांना विषबाधेच्या मर्गाची, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या नोंदींची, इतकी सवय होते, की पांढरी पावडर म्हटली की डोकं आपोआप एकाच दिशेला चालतं. सकाळी हजेरी चालू असताना फोन आला. माणसाने नाव सांगितलं नाही.

"साहेब, इथं एक म्हातारा गेला. सुनेनं पावडर चारली त्याले. जाळायच्या आंधी या."

"तुले कसं मालूम?"

"तोंडाले लागेल आहे ना. या म्हंजे दिसते."

आम्ही पोचलो तेव्हा प्रेत छपरीत खाटेवर होतं. ओठांवर आणि मिशीत पांढरट भुसा चिकटलेला, चेहरा काळानिळा. उशाशी स्टीलचा चमचा, पाण्याचा लहान पेला. गोठ्यात कीटकनाशकाचं अर्धं पाकीट सापडलं, तीही पांढरी पावडर. पंचनामा केला, मर्ग दाखल केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. घरात म्हाताऱ्याचा मुलगा, सून आणि बालवाडीत जाणारी नात. म्हाताऱ्याचं अर्धं अंग लकव्याने गेलेलं. हृदयाचाही त्रास होता. उठवणं, बसवणं, धुणं, सगळं सून करायची.

तेवढ्यात म्हाताऱ्याची लेक तिच्या गावाहून जीपने आली आणि तिने आवार डोक्यावर घेतलं.

"इनंच मारलं माह्या बापाले! मांगच्या खेपेले माह्या तोंडावर म्हणे, आता सुटा म्हणा बाप्पा एकदाचे. इचारा तिले!"

मी सुनेला विचारलं, "असं म्हणाली होतीस?"

"म्हटलं व्हतं, साहेब."

माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा, की गुन्हा केलेला माणूस आधी लहानसहान गोष्टीसुद्धा नाकारतो. चहा घेतला का विचारलं तरी नाही म्हणतो. ही बाई स्वतःच्या विरोधातलं वाक्य एका झटक्यात कबूल करत होती. मला ते तिथेच दिसायला हवं होतं. मी मात्र ते हेतू म्हणून टिपून घेतलं.

ठाण्यात महिला शिपायासमोर चौकशी सुरू केली.

"काय चारलं?"

"इसबगोल, साहेब. मामाजीचं पोट साफ होत नव्हतं. लय कण्हत होते. ह्यायनं दारव्ह्याच्या बाजारातून सुट्टं आणलं."

"पाण्यात भिजवून दिलं?"

"नाई. फक्की मारून देल्ली. वरून घोटभर पाणी."

"घोटभरच काहून?"

"डॉक्टरनं पाणी बेतानं द्याले सांगतलं व्हतं. पायावर सूज व्हती ना. ह्यायनंच सांगतलं, कोरडंच दे, पाणी जास्त जाईन."

मला हसू आलं. बंदोबस्ताच्या नोकरीत जेवणाची वेळ नसते, पोट कायम अडलेलं. आमच्या घरी इसबगोलाचा डबा साखरेच्या डब्याशेजारीच असे. मी ते रोज कोमट पाण्यात टाकून प्यायचो. अर्ध्या ठाण्याला त्याची सवय होती.

"इसबगोलानं माणूस मरत नाही, बाई. मी स्वतः घेतो."

आमच्या जमादारांनी दारातूनच पुस्ती जोडली, "मरत असता साहेब, तर आपलं ठाणं केव्हाच रिकामं झालं असतं."

सगळे हसले. ती हसली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग कायनं मेले ते, साहेब?"

तिने ते अगदी मनापासून विचारलं होतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला वाटलं बाई चलाख आहे. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, मुलगी आता कोण सांभाळेल हेही बोललो. बायकांच्या चौकशीत हे वाक्य हमखास लागू पडतं, म्हणून आम्ही ते वापरतो.

मग नवऱ्याला आत घेतलं. खिडकीतून त्याची बहीण आणि तिच्या सासरची माणसं फाटकाशी उभी दिसत होती. त्याने तिकडे एकदा पाहिलं.

"मी काई आणलं नाई, साहेब. मले काईच मालूम नाई."

बायको समोरच बसलेली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानंतर ती बोलायचीच थांबली. मी जबाबात लिहिलं, 'उडवाउडवीची उत्तरे देते.'

दुपारी लेकीच्या बाजूने निरोप आला, सुनेला अटक झाल्याशिवाय मयत उचलणार नाही. लेकीची फिर्याद घेऊन खुनाचा गुन्हा दाखल केला. आमच्याकडे हे नवीन नाही. प्रेत दवाखान्याच्या आवारात, माणसं ठाण्याच्या फाटकात, वरिष्ठांचे फोन वर फोन. पत्रकार आले. कॅमेऱ्यासमोर मी म्हणालो, "सुनेने विष दिल्याचा संशय आहे." दिवस मावळायच्या आत ते मोबाइलवर गावोगाव फिरलं. त्यातला संशय कुठेतरी गळून पडला होता.

संध्याकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला.

"ठाणेदार साहेब, लेखी मत मी राखून ठेवतोय. व्हिसेराच्या तपासणीचा अहवाल आल्याशिवाय लिहिता येत नाही. पण तुम्हाला म्हणून सांगतो, विषाचं काही दिसत नाही. घशात चिकट गोळा बसलाय, घट्ट. श्वासाची वाट बंद. त्यांनी इसबगोल कोरडं दिलं होतं का?"

"बाई तसं म्हणते. पण त्यानं कोणी मरतं का?"

"पाण्यात घेतलं तर नाही मरत. कोरडं गेलं तर ते घशातच फुगतं. त्यात लकव्याचा माणूस, गिळता येत नाही. वरून घोटभर पाणी म्हणजे फुगायला तेवढंच पुरेसं."

मी क्वार्टरवर गेलो. आमच्याच डब्यातलं दोन चमचे इसबगोल स्टीलच्या पेल्यात घेतलं, वर घोटभर पाणी ओतलं. बायकोने दिलेला चहा निवेपर्यंत पेल्यात लगदा झाला होता. पेला उलटा केला. खाली काही पडलं नाही. बोट घातलं तर बोटाभोवती चिकटून आलं.

"काय करून राह्यले?" बायकोने विचारलं.

"काही नाही," म्हणालो आणि पेला धुऊन ठेवला.

सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. म्हणजे कायद्यानेच मला विचार करायला सकाळपर्यंत सवड दिली होती. मी विचार केला तो एवढाच, की आता तिला सोडलं तर फाटकावरची माणसं ठाणं पेटवतील, दुपारची मुलाखत अंगाशी येईल, आणि लेखी मत तर राखीवच आहे, मग माझं काय चुकतं? डॉक्टरांचा फोन स्टेशन डायरीत घेतला नाही. सकाळी तिची अटक दाखवली. दुपारी मयत उचललं गेलं. प्रकरण शांततेत हाताळल्याबद्दल वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली. मीही ती घेतली.

कोठडी मागताना मी न्यायालयासमोर उभा होतो. फोनची गोष्ट सांगायला ती एक जागा होती. तिथेही बोललो नाही. बाई यवतमाळच्या कारागृहात गेली. व्हिसेराचा अहवाल यायला किती वेळ लागतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना तिने किती काळ काढला ते सांगायला नको. अहवालात विष नव्हतं. डॉक्टरांनी अंतिम मत दिलं, घशात पदार्थ अडकून श्वास कोंडल्याने मृत्यू. मी तिच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल पाठवला आणि ती सुटली. त्या दिवशी ठाण्यात एकही पत्रकार आला नाही.

नवऱ्याने तिला परत घेतलं नाही. पोरगी त्याने तोवर बहिणीकडे ठेवली होती. बाई आपल्या भावाकडे, महागाव तालुक्यात फुलसावंगीला गेली. पोरीसाठी ती एकदा नणंदेच्या दारात गेली होती, असं नंतर कानावर आलं. पोरगी आत पळाली आणि बाहेर आली नाही.

निवृत्त झाल्यावर मी फुलसावंगीला गेलो. ती अंगणात तुरी पाखडत होती. मी साध्या कपड्यांत होतो, तरी तिने ओळखलं.

"बसा, साहेब."

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, डॉक्टरांचा फोन, पेला, सगळं. तिचे हात थांबले.

"म्हंजे तुमाले तवाच मालूम व्हतं?"

"त्याच संध्याकाळी."

तिने सूप खाली ठेवलं. "मले वाटे, तुमालेबी मालूम नसन. म्हणून तुमच्यावर राग नाई धरला. ह्यायच्यावर धरला, नणंदेवर धरला. तुमच्यावर नाई."

नोकरीत शिव्या खूप खाल्ल्या. हे मात्र ऐकवेना.

"आता काय करू, सांग," मी म्हणालो.

"माह्या पोरीले जाऊन सांगा. मी सांगतलं तर मायच हाय, असंच बोलणार, असं वाटन तिले."

मी नणंदेच्या गावी गेलो. पोरगी आता अकरावीत आहे. आत्या दारातच आडवी आली. "आता काय राह्यलं, साहेब? मेलेले मेले." तिने माझ्याकडे पाहायचं टाळलं. मला तिचंही कळतं. खरं मान्य केलं, तर आपण वहिनीला विनाकारण जेलात धाडलं, हेही मान्य करावं लागतं. माणसं त्यापेक्षा खोटं सांभाळत बसतात. मी तरी वेगळं काय केलं होतं?

पोरगी आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली.

"रिपोर्ट मले मालूम आहे, काका. बाबानं एकदा सांगतला. मले सांगून काय होते? कॉलेजात कोणाशी भांडण झालं की पयले हेच काढतात, हिच्या मायच्या हातचं खाऊ नका. तुमचा तो व्हिडिओ अजून फिरते. तवा साऱ्याईले सांगतलं होतं ना? आताबी साऱ्याईलेच सांगा."

आत्याने तिला आत ओढलं. मी ओळखीच्या दोन पत्रकारांना फोन केले. जुनी गोष्ट आहे साहेब, म्हणाले. म्हणून हे लिहायला बसलो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं आठवणींच्या शेवटी लिहायची पद्धत आहे. एक गोष्ट सगळ्यांच्या कामाची आहे. इसबगोल चांगलं आहे, मी आजही घेतो. पण पेलाभर पाण्यात टाकून लगेच प्या, फक्की मारू नका. ज्याला गिळायला त्रास आहे किंवा डॉक्टरांनी पाणी बेतानं घ्यायला सांगितलं आहे, त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. दुसरी गोष्ट खाकी घालणाऱ्यांसाठी. आपल्याला जे रोज पचतं त्यावरून दुसऱ्याचं खरं-खोटं ठरवू नका. आणि खरं कळलं की त्याच घटकेला डायरीत घ्या. दुसऱ्या दिवशी ते लिहिणं अवघड होतं. पुढे पुढे लिहायला हातच धजत नाही.

इथे मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. त्या गावात हे वाचलं गेलं तर नावाची गरज पडणार नाही. त्यांच्यासाठी पुन्हा एकदा लिहितो. त्या बाईने सासऱ्याला मारलं नाही. हे मला त्याच संध्याकाळी माहीत होतं.