आईनं काशीला काय सोडलं

आईला काशीला जायचंच होतं, हे आधी सांगते. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, माझ्या भावानं तिला जबरदस्तीनं नेलं. तसं नाही. वडील होते तेव्हापासून तिचं ते चाललं होतं. पण तेव्हा मिठागर होतं, भाताची खाचरं होती, गोठ्यात म्हशी होत्या. घर सोडून निघणं जमायचंच नाही. मग मिठागर गेलं, खाचरांवर इमारती आल्या, वडीलही गेले, आणि काशी राहिली ती राहिलीच. गावातली एखादी बाई जाऊन आली की आई तिच्याकडे जाऊन बसायची आणि घरी येऊन आम्हाला असं सांगायची, की वाटावं हीच गंगेत बुडी मारून आली आहे.

भाईंदरचं जुनं घर बिल्डरकडे गेल्यावर दादानं बेव्हर्ली पार्कला फ्लॅट घेतला आणि आई त्याच्याकडे राहायला गेली. मी लग्न होऊन भाईंदर पूर्वेला, एका दवाखान्यात रिसेप्शनला. दादाचं घर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. आईला स्वतःची खोली, खिडकीत तुळस, हवा भरपूर. वहिनीही स्वभावानं वाईट नाही. फक्त त्या अख्ख्या विंगमध्ये मासे खाणारं आमचंच एक घर होतं. फ्लॅट घेताना दादाला हे माहीत नव्हतं असं नाही. उलट त्याला तेच आवडलं होतं. "लोक एकदम शांत आहेत, क्लास चांगला आहे," असं तो आम्हाला फ्लॅट दाखवताना म्हणाला होता.

आईचं माहेर तारोडीचं. समुद्राच्या काठावर वाढलेली बाई. भात आणि मासळी, याच्यापलीकडे जेवण असतं हे तिला कळायचं, पण पटायचं नाही. बेव्हर्ली पार्कला गेल्यावरही ती बस पकडून उत्तनला जायची. तिथे बंदरावर एक ख्रिस्ती कोळीण तिची जुनी ओळखीची होती. दोघींच्या गुडघ्यांचं एकच दुखणं. मासळी घेऊन झाली तरी आई तिच्या पाटीशेजारी बसून राहायची. सुनांच्या चौकश्या, नातवंडांच्या चौकश्या, कोणाची बोट नादुरुस्त झाली, कोणाच्या पोरीचं जमलं. आई परत यायची तेव्हा पिशवीत मासळी असायची आणि तोंडावर तरतरी.

पहिली तक्रार लिफ्टमध्ये आली. मी दादाबरोबर वर चालले होते. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ हात जोडून, अगदी अदबीनं म्हणाले, "भाईसाब, माताजी को बोलिए ना, खिड़की बंद रखा करें. पूजा के टाइम स्मेल आता है."

"सॉरी सॉरी, मैं बोल दूँगा," दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. जवळ्याच्या चटणीशिवाय ज्याच्या घशाखाली भाकरी उतरायची नाही, तो माझा भाऊ.

मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले. नाव कोणाचं नसायचं, पण रोख सगळ्यांना कळायचा. त्यातच दादाला कमिटीवर जायचं होतं. तो आईला स्पष्ट काही बोलायचा नाही. घरात शिरल्या शिरल्या नाक वर करून हुंगायचा, फटाफट खिडक्या लावायचा, रूम फ्रेशनर मारायचा. आईला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

एकदा दुपारी मी न सांगता गेले. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं तर घरभर धूर. सगळ्या खिडक्या बंद, एक्झॉस्ट बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावलेला, आणि आई गॅसपाशी उभी राहून खोकत खोकत सुका बोंबील भाजत होती.

"आई, हे काय करतेयस? गुदमरून जाशील!"

"त्यांना तरास नको ग," ती डोळे पुसत म्हणाली. "आता कोन न्हाय वरती. पटकन खाऊन घेते."

चोरी केल्यासारखी उभ्या उभ्या जेवली ती. मी दादाला फोन करून खूप बोलले. तो म्हणाला, "तुला काय जातंय बोलायला? इथे राहायचं मला आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यानं काशीचं काढलं. "आई, चल, तुला काशी दाखवतो. विमानानं जाऊ." मीही यावं, आईला सोबत होईल, असं त्यानंच सांगितलं. मुलांच्या परीक्षा होत्या म्हणून वहिनी येणार नव्हती. मला खरंच बरं वाटलं. वाटलं, आपण भांडलो त्याचा काहीतरी उपयोग झाला.

आईच्या आनंदाचं काय सांगू! ती उत्तनला जाऊन कोळणीला सांगून आली. तारोडीला जाऊन मावशीला सांगून आली. काशीला गेलं की आपल्या आवडीची एखादी गोष्ट कायमची सोडायची असते. कोणी एखादं फळ सोडतं, कोणी भाजी. आईनं पेरू सोडायचं ठरवलं होतं. पेरू तिला मनापासून आवडायचा, म्हणूनच सोडायचा. कारलं सोडून देवाला गंडवणाऱ्या बायकांना ती नावं ठेवायची. निघायच्या आधी तिनं बाजारातून चांगले टपोरे पेरू आणले आणि मीठ लावून पोटभर खाल्ले. "आता पुन्हा न्हाय," असं म्हणत हसत होती.

काशी तिनं ऐकली होती तशी नव्हती. मंदिराच्या वाटेवर लोखंडी कठडे, मोबाईल ठेवायला लॉकर, पुढे ढकलणारे पोलीस. देवासमोर पोचलो आणि नीट नमस्कार व्हायच्या आत आम्ही बाहेर होतो. संध्याकाळी आरतीला एवढे फोन वर झालेले की आईला दिवे दिसलेच नाहीत, लाऊडस्पीकर तेवढा ऐकू आला. मी चिडचिड करत होते. आई मात्र कशालाच नावं ठेवत नव्हती. घाटाच्या पायरीवर बसून तिनं ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "गोड हाय ग! एवढा पसारा, आनी मीठ न्हाय जरापन." सगळा जन्म खाडीच्या आणि समुद्राच्या पाण्यात गेलेली बाई. एवढं रुंद पाणी गोड असू शकतं याचंच तिला नवल.

दुसऱ्या दिवशी नावेत बसलो. इंजिनाची नाव, पण नावाडी म्हातारा, बोलका. आई त्याच्या नावेची फळी हातानं चाचपून बघत होती. मग तिनं तिच्या हिंदीत विचारलं, "इधर मच्छी कौनसा मिलता है?"

"आई!" दादा दबक्या आवाजात ओरडला. "गंगेत बसून काय विचारतेयस?"

पण नावाड्याला काही वाटलं नाही. "रोहू मिलती है माताजी, टेंगरा मिलती है. हम तो रोज खाते हैं." मग दोघं जाळ्याविषयी बोलत राहिले, निम्मं एकमेकांना कळत होतं, निम्मं नाही. दादा तोंड फिरवून समोरच्या काठाकडे बघत बसला. मी म्हटलं, "बोलू दे ना तिला. किती दिवसांनी कोणीतरी भेटलंय."

पूजा तिसऱ्या दिवशी सकाळी. तिकडे पिढ्यान् पिढ्या राहिलेले आपले मराठी गुरुजी आहेत, त्यांच्यातल्या एकाकडे दादानं फोनवरून सगळं ठरवलं होतं. घाटावरच बसलो. वडिलांच्या नावानं पिंड दिले. आई नवी साडी नेसून, ओल्या केसांनी, लहान मुलीसारखी मांडी घालून बसली होती. शेवटी गुरुजींनी तिच्या ओंजळीत पाणी घातलं, अक्षता घातल्या, फूल ठेवलं आणि म्हणाले, "आई, आता सोडायची वस्तू. काय ठरवलंय?"

आई तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "गुरुजी, आई मासे सोडणार आहे. सुके, ओले, सगळेच."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. आईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. पूजेच्या ताम्हनाकडे बघत होता. त्याच्या त्या बघण्यावरून मला सगळं कळलं. विमान, काशी, फोनवरून ठरवलेली ही पूजा, सगळं.

"दादा, काय बोलतोयस? आईनं पेरू ठरवलाय," मी म्हटलं.

"तू मध्ये पडू नको. तिच्या तब्येतीसाठीच बोलतोय. या वयात बरं असतं. आणि इतकं पुण्याचं काम—"

"तब्येतीसाठी? का तुझ्या सोसायटीसाठी?"

शेजारी दुसऱ्या एका कुटुंबाची पूजा चालली होती, ते लोक वळून बघायला लागले. गुरुजींनी हात वर केला. माणूस सज्जन होता. दादाला म्हणाले, "हे बघा, दुसऱ्याच्या तोंडून सोडलेलं लागू होत नाही. त्यांनी स्वतः म्हटलं पाहिजे." आणि आईला हळू म्हणाले, "आई, तुम्हाला जे वाटेल तेच सांगा. काही घाई नाही."

"आई, पेरू म्हण," मी म्हटलं. मी जवळजवळ ओरडलेच.

तिच्या बोटांच्या फटीतून पाणी गळत होतं. ती एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा त्याच्याकडे. काशीत, गंगेवर, नवऱ्याचे पिंड पुढ्यात असताना, चार परक्या माणसांदेखत ती पोराचा शब्द खोटा पाडणार नव्हती. हे मला माहीत होतं. दादालाही माहीत होतं, म्हणून तर त्यानं ती जागा निवडली.

"मासली सोडली," आई म्हणाली आणि तिनं ओंजळ मोकळी केली.

दादानं वाकून तिला नमस्कार केला. मी उठून पायऱ्या चढून वर गेले आणि एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसून रडले.

परतीच्या विमानात ढग दाखवायला दादानं तिला खिडकीची जागा दिली. तिनं डोळे मिटून घेतले.

मला वाटलं होतं, घरी आल्यावर हळूहळू मोडेल. मी तिला स्वतः म्हटलं, "माझ्याकडे ये, मी करून घालते. कोणाला कळणार नाही."

"मना कलेल ना," ती म्हणाली. तिथे विषय संपला.

ती वरण-भात जेवायची. थोडासाच. वहिनी पनीर करायची, नाना प्रकार करायची, आई "चांगलं झालंय" म्हणायची आणि ताट बाजूला सारायची. उत्तनला जाणं तिनं बंद केलं. मासळी घ्यायची नाही तर बंदरावर जाऊन बसायचं कशाला, असं तिला वाटत असावं. पुढे मी एकदा बंदरावर गेले होते तर त्या कोळणीनं मला हाक मारून विचारलं, "बाय, तुजी आयस हाय ना ग बरी?" मी हो म्हटलं. काय सांगणार?

दादा कमिटीवर निवडून आला. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी घरी मिठाई आणून दिली आणि आईच्या पाया पडून म्हणाले, "माताजी, आपने तो बहुत बड़ा त्याग किया." आई हात जोडून बसून राहिली. त्यांचं बोलणं तिला कळलं की नाही, मला माहीत नाही.

मग एका रविवारी दादा माझ्याकडे आला, एकटाच. आमच्याकडे त्या दिवशी बोंबील तळले होते, मांदेलीचं कालवण होतं. दारातच त्याला वास आला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! वाढ गं लवकर. घरी तर आता बंदच झालंय. हॉटेलात खातो अधूनमधून, पण ही चव येत नाही." चप्पल काढता काढता पुढे म्हणाला, "आईला सांगू नको हां, उगाच वाईट वाटेल तिला."

मी त्याला पाट दिला, पाणी दिलं आणि ताटात वरण-भात वाढला. बाजूला लिंबाची फोड.

त्याला वाटलं बाकीचं मागून येतंय. तो थांबला. मी समोर बसले.

"हे काय?"

"हेच आहे. आई जेवते तेच. जेव."

माझे यजमान काहीतरी बोलायला लागले, मी त्यांना गप्प केलं. दादा ताटाला हात न लावता उठला. "तू कायम माझ्या विरोधात," असं म्हणून गेला. त्यानंतर तो माझ्याकडे आलेला नाही.

पावसाळा संपल्यावर आई मावशीकडे तारोडीला चार दिवस म्हणून गेली आणि परत आलीच नाही. दादा गाडी घेऊन गेला होता. "चल आई, खोली रिकामी पडलीय तुझी." ती म्हणाली, "र्‍हाऊ दे रिकामी." दादा सगळ्यांना सांगतो की आईला समुद्राची हवा मानवते.

मी सुट्टीच्या दिवशी बसनं जाते. मावशीच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असतात. आई दिवसभर त्यात असते. उलटसुलट करून लावते, कावळे हाकलते, वाळलेले काढून त्यांच्या जुड्या बांधते. मावशीला, तिच्या सुनेला रांधून घालते, मीठ बरोबर आहे का ते दुसऱ्याला चाखायला लावते, आणि स्वतः डाळ-भात घेऊन ओटीवर बसते. तिची रया गेली आहे. हाताच्या शिरा वर आल्या आहेत.

मागच्या खेपेला मी तिच्याबरोबर जुड्या बांधत बसले होते. बोलता बोलता मी दादाबद्दल काहीतरी कडू बोलले. तिनं मला थांबवलं नाही. हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली, मग म्हणाली, "त्यानं मना सयपाकघरात सांगितलं असतं ना, आई, बंद कर, तरी मी बंद केलं असतं. पोरापरीस मासली मोठी हाय का? पन तेवढ्यासाठी मना काशीला नेलं. आता मना काशी आठवली की त्याचं तोंड आठवतं. देव आठवत न्हाय."

मी बसस्टॉपवर आले आणि न राहवून दादाला फोन लावला. कित्येक महिन्यांनी. आई जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत त्याला सांगितलं. पलीकडून नुसता टीव्हीचा आवाज येत होता. मग त्यानं घसा साफ केला.

"बरं," तो म्हणाला, "तब्येत बरी आहे ना तिची? जेवते ना नीट?"

मी फोन बंद केला.