घडीच्या जागी फुटलेला पाइप

वेटोळेमामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती विझवायला अख्खं अग्निशमन केंद्र कमी पडलं असतं.

केंद्राच्या साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर लिहिलं होतं की, सकाळी सुतारकामाच्या कारखान्यात पाइप फुटला तो जुना होता म्हणून, आणि पाइपखाना सांभाळणाऱ्याने, म्हणजे मामांनी, त्याची निगा राखली नाही म्हणून. खाली मामांच्या सहीची जागा. पाइप फुटला तेव्हा त्याचं नोझल मामांच्या मुलीच्या हातात होतं; ती याच केंद्रात जवान होती. दुसऱ्या मजल्यावर, धुरात. पाणी गेलं, आणि पोरगी तोच पाइप चाचपत, पोटावर सरपटत बाहेर आली. भुवया जळाल्या, जीव वाचला.

"सही करा मामा, प्रकरण मिटवून टाकू."

"मिटवायला ते काय छत्री आहे?" मामा गरजले. अंगणात तोंडावरची काजळी धुणारी मंडळी तशीच ओल्या चेहऱ्यांनी दारात जमली.

एकतीस वर्षं मामांनी कापडी पाइप धुतले, उंच मनोऱ्यात टांगून वाळवले आणि मधोमध दुमडून गुंडाळले. दोन्ही टोकांची कपलिंगं, म्हणजे जोडाची तोंडं, बाहेर, हाताशी. गुंडाळी काखेत मारायची, जिना चढायचा, आगीच्या एक मजला खाली ती भिरकावायची. लोळत लोळत आपसूक उलगडते. घरात चादरीसुद्धा हा माणूस वेटोळं करून ठेवतो, असं मामी सांगत. त्यावरून नावच पडलं.

चार महिन्यांपूर्वी साहेब तीन देशांचा दौरा करून आले. एका देशात पाइप मामांसारखाच गुंडाळत होते. दुसऱ्यात टोपलीत नागमोडी भरत होते. तिसऱ्यात बंबाच्या पाठीवर लांबच लांब घड्या रचून, पंपाला आधीच जोडून ठेवत होते; टोक खांद्यावर घेतलं की माणूस धावत सुटायचा. साहेबांना तिसरा देश आवडला. त्याचे फोटो भिंतीवर लागले आणि केंद्राच्या बंबांवरही तशाच घड्या रचल्या गेल्या.

"मामा, उद्यापासून बंबावरच्या पाइपला हात लावायचा नाही. तुमची वेटोळी तुमच्या खोलीत!" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलंही.

मामांनी त्या दिवसापासून हात लावला नाही.

आता मात्र त्यांनी तो फुटका पाइप फरफटत आणून अंगणात पसरला. "या साहेब, वाका जरा. दौऱ्यात कंबर नाही ना धरली?"

साहेब वाकले. पाइपला आडवी चीर पडली होती. तिथून सात फुटांवर कापड विरलेलं. पुढे सात फुटांवर पुन्हा विरलेलं.

"म्हातारपण असतं तर अंगभर दिसलं असतं. हे बरोबर घडीवरच कसं आलं? चार महिने एकाच घडीत दाबून ठेवलाय, वर बंबाचे हादरे!"

"पण तिकडे तर असाच ठेवतात," साहेब चाचरले.

"ठेवतात ना! आणि ठरावीक दिवसांनी सगळा खाली उतरवून, घडीची जागा बदलून पुन्हा रचतात. तुम्हीच आणलेल्या पुस्तिकेत आहे. तुम्ही चित्रं पाहिलीत, मी शब्दकोश घेऊन वाचली. फोटो तेवढा आणलात, मेहनत तिकडेच ठेवून आलात! आणि खापर माझ्या डोक्यावर?"

साहेबांची मान खाली. मामांनी छाती भरून श्वास घेतला. पुढचं वाक्य तयारच होतं.

"कधी वाचलीत, बाबा?"

मुलगी बाकावर बसली होती, कपाळावर ओलं फडकं धरून.

"काय कधी?"

"पुस्तिका."

अंगणाच्या टोकापर्यंत पोहोचणारा मामांचा आवाज जागच्या जागी बसला. "आली त्याच आठवड्यात."

"म्हणजे चार महिने माहीत होतं."

"हात लावायचा नाही असा हुकूम होता."

"हात! तोंड कुणी शिवलं होतं? रोज माझ्यासमोर बसून जेवता ना? 'मीठ दे' म्हणता, एवढं सांगता येत नव्हतं?" ती उठली. "तुम्ही वाट बघत होतात. कधी फुटतोय आणि कधी साहेबांची फजिती होतेय."

नाही म्हणायला मामांनी तोंड उघडलं. पण रोज सकाळी बंबाशेजारून जाताना ते मनात म्हणत, होऊ दे अजून एक आठवडा. त्यांच्या मनातल्या त्या प्रसंगात पाइप कवायतीत फुटायचा, इथंच अंगणात, आणि साहेब नखशिखान्त भिजायचे. त्या प्रसंगात पोरगी कुठेच नव्हती.

त्यांनी कागद ओढून घेतला. साहेबांचा मजकूर खोडला आणि खाली कागद फाटेल एवढ्या जोरानं लिहिलं: 'घडी बदलायची असते हे साहेबांनी वाचलं नाही. मी वाचलं आणि बोललो नाही.' सही ठोकली आणि पेन साहेबांच्या छातीवर टेकवला.

"आता तुमची."

साहेबांनी दोनदा वाचलं. मग सही केली.

तोवर मुलगी दुसऱ्या बंबावर चढून घड्या खाली भिरकावत होती. "हाही चार महिने त्याच घडीत आहे. टोक धरा. आणि माझ्याशी बोलू नका."

मामांनी टोक धरलं. ती असे हिसके देत होती की तळहात सोलून निघत होते. मामांनी टोक सोडलं नाही.