मोठाईने ठरवलेले डोहाळे

"जेवली का वं?"

"हो मोठाई, जेवली."

"काय जेवली?"

हा दुसरा प्रश्न फक्त तीच विचारायची. पहिला तर आपण सगळेच विचारतो आणि उत्तर न ऐकता पुढे जातो. मोठाई पुढे जात नसे. समोरच्या बाईचं मनगट आपल्या अंगठा आणि बोटाच्या कड्यात धरून ती उभी राही आणि खरं उत्तर आल्याशिवाय सोडत नसे. "भाकर," असं म्हटलं तर "किती? कशासंगं?" बाई गडबडली की मोठाई मान हलवायची. मनगट मात्र तिच्याच ताब्यात.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावी उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा माझंही मनगट असंच पकडलं गेलं. मी यवतमाळच्या नोकरदार घरातली. खरं सांगायचं तर जरा तोऱ्यातच गेले होते. सकाळपासून चहा आणि दोन खाऱ्यांवर होते. ते कळल्यावर ती म्हणाली, "आता ही आमाले शिकोनार पोषण." आणि मला अंगणवाडीच्या चुलीपुढे बसवून ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी खायला घातली. मला राग आला होता. भाकर मात्र दीड खाल्ली.

ती अंगणवाडीची मदतनीस. सेविकाबाई रजिस्टर सांभाळायच्या, मोठाई चूल सांभाळायची. मोठाई म्हणजे थोरली काकू. गावातल्या निम्म्या लोकांची ती नात्याने मोठाई होती आणि उरलेल्यांनी ते नातं आपणहून लावून घेतलं होतं. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथे ती अंगठा उठवायची. साठीची असावी. उंच, हाडं मोठी, पायात बारा महिने चप्पल नाही.

ती कापसाच्या पडत्या काळाची वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. गाड्या यायच्या, पाहणी करणारे उतरायचे, पारावर बसून बाप्यांना विचारायचे, पेरलं काय, पिकलं काय, विकलं काय. बायका दारामागून ऐकत. एकदा अशाच एका गाडीतून एक शहरी बाई उतरल्या. वही उघडून त्यांनी मोठाईला विचारलं, "इथल्या महिलांच्या मुख्य समस्या काय आहेत?" मोठाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमी काय जेवल्या?" बाईंनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. पुढचा अर्धा तास त्या खिचडी खात होत्या आणि मोठाईच बोलत होती. वहीत किती उतरलं कोण जाणे, पण बाई जाताना तिच्या पाया पडल्या.

माझ्याकडे सरकारी तक्ता होता. गरोदर मातेने काय खावं याची त्यावर रंगीत चित्रं होती. सफरचंद, द्राक्षं, दुधाचा ग्लास. मोठाईने तो नीट पाहिला. "चांगला आहे," म्हणाली. "पण हे लाल फळ आपल्या इथं कोनाच्या वावरात होते?" मग तिनेच मला वावरातली फळं आणि भाज्या शिकवल्या. तुरीचे सोले म्हणजे शेंगेतले ओले दाणे, हरभऱ्याची कोवळी भाजी, अंबाडी, चवळी, तीळ, शेंगदाणे, बोरं. आणि वरण वाढायची रीत. घरात पळी तळाला घालून घट्ट वरण बाप्यांना वाढलं जातं आणि शेवटी जेवणाऱ्या सुनेला वरचं पाणी येतं. मोठाई घरोघर जाऊन सांगायची, "एक वाटी तळाचं वरण आधीच काढून झाकून ठेवत जाय." ही गोष्ट माझ्या नर्सिंगच्या पुस्तकात कुठेच नव्हती.

आता वंदनाचं सांगते, कारण मोठाई मला खरी कळली ती तिच्यामुळे.

वंदना विशीतली. पहिलं लेकरू दीड किलोचं झालं होतं आणि चौथ्या दिवशी गेलं होतं. दुसऱ्या खेपेला सहाव्या महिन्यात ती काट्यावर उभी राहिली तेव्हा वजन भरलं एक्केचाळीस किलो. महिन्याला दीड-दोन किलो वाढायला हवं होतं. तिचं दोन महिने जिथल्या तिथे. मी घाबरले, आणि मी घाबरले की माझी जीभ सुटते. सगळ्या बायकांसमोर, तिच्या सासूसमोर मी तिला म्हटलं, "हेही लेकरू घालवायचं आहे का?"

आज हे लिहितानाही मला लाज वाटते. वंदना चप्पल घालून सासूच्या मागे निघून गेली.

पुढच्या महिन्यात ती आली आणि काटा गेला साडेत्रेचाळीसवर. मी इतकी खूश झाले की कार्डावर आकडा लिहून त्याखाली रेघ मारली. "पाहा, मनावर घेतलं तर होतं की नाही," असंही म्हटलं. मोठाई चुलीपासून उठून आली. तिने वंदनाचं मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"काटा म्हनते वाढली," ती म्हणाली. "हात काई म्हनत नाई."

"मोठाई, काटा खोटं बोलत नाही," मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले.

ती माझ्याशी वाद घालायला थांबली नाही. वंदनाला घेऊन मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने एकटीच बाहेर आली आणि मुठीपेक्षा मोठे दोन काळे दगड माझ्या टेबलावर ठेवले.

"घ्या सिस्टर. तुमचं वाढलेलं वजन."

ते दिवस वेचणीचे होते. मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर, म्हणून कधी कोणी गठुड्यात एखादा दगड सरकवायची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. काट्याला कसं फसवायचं ते या बायकाच मला शिकवू शकल्या असत्या. वंदनाने तेच केलं. ओच्यात दगड खोचले, वरून पदर घेतला आणि काट्यावर उभी राहिली.

"पन असं काहून केलं तिनं?" माझ्या तोंडी त्यांचीच बोली आली होती.

"तुमी रागावता म्हनून." मोठाईने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "पोट्टीले भूक नाई का? हाये. पन सासू वाढत नाई आन तुमी बोलता. तिनं कुठं जावं?"

मी मागच्या खोलीत गेले. वंदना धान्याच्या पोत्याला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि माझं चुकलं म्हणाले. नर्सने असं म्हणायचं नसतं, असं मला वाटत आलं होतं. ती आधी माझ्याकडे पाहतच राहिली, मग रडली, मग मीही रडले. मोठाईने दोघींना फुटाणे आणि गूळ आणून दिला.

सासू वाईट नव्हती. हे मला मोठाईने सांगितलं, नाहीतर मी तिला कायमचं वाईट ठरवून मोकळी झाले असते. सासूची सख्खी बहीण बाळंतपणात अडून गेली होती. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं की बाई जास्त जेवली की लेकरू मोठं होतं आणि मोठं झालं की अडतं. म्हणून ती सुनेच्या ताटातली भाकर मोजून अर्धी करायची. ती सुनेला वाचवत होती.

मी तिला समजावायला दोनदा गेले. हाडं, रक्त, लोह, सगळं सांगितलं. ती "हो सिस्टर, हो सिस्टर" करत राहिली. ताटात अर्धीच भाकर.

मग मोठाई गेली, आणि तिने लोहाचं नावही काढलं नाही. ओसरीवर बसून पान लावता लावता म्हणाली, "तुह्या सुनेले डोहाळे लागले म्हनते."

"कशाचे?" सासूने विचारलं.

"सोल्याच्या भाजीचे. आन भाकर पुरी लागते म्हने, अर्धीनं मन भरत नाई. डोहाळे नाई पुरवले तर लेकराचे कान फुटतात, तुले तर मालूमच हाये."

सासूला मालूम होतं. आमच्याकडे सगळ्यांनाच असतं. त्या संध्याकाळी वंदनाच्या ताटात सोल्याची भाजी आणि पूर्ण भाकर आली.

गंमत अशी की वंदनाला कसलेही डोहाळे नव्हते. "मले तर काईच खाव वाटत नाई, मोठाई," ती म्हणायची. मोठाई तिच्यावर डाफरायची, "तुले कोन इचारलं? उद्या तुले अंड्याचे डोहाळे लागनार हायेत. ध्यानात ठेव. परवा तिळाच्या लाडवाचे." ती बिचारी घोकत घरी जायची. एकदा विसरली आणि अर्ध्या रस्त्यातून परत आली, "मोठाई, आज मले कायचे डोहाळे लागले?" सेविकाबाई आणि मी हसून हसून बेजार झालो.

मी नर्स. कान फुटण्याची भीती घालणं मला पटत नव्हतं आणि तसं मी मोठाईला सांगितलं.

"कान फुटत नाईत, हे मलेबी मालूम हाये," ती म्हणाली. "पन तिच्या मनात एक भेव बसलं होतं, ते तुमच्यानं निंघालं का? मंग दुसरं बसवलं. ह्या भेवानं पोट तरी भरते."

मात्र तिने आपल्याकडून एक कबूल करून टाकलं होतं, माझ्या नावाने, मला न विचारता. सासूला तिने शब्द दिला होता की बाळंतपण घरी नाही, दारव्ह्याच्या दवाखान्यात होईल आणि सिस्टर स्वतः सोबत येईल. "अडलं तर तिथं डॉक्टर हाये. तुह्या बहिनीसाठी कोनी नव्हतं." सासूला खरा धीर त्या एका वाक्याने आला असणार, असं मला अजूनही वाटतं.

संक्रांतीनंतर वंदनाचं वजन केलं. मोठाईने आधी ओचा तपासला, आणि वंदनाच खुदकन हसली. काटा चव्वेचाळीसवर. त्यापुढच्या महिन्यात सेहेचाळीस. गाल वर आले. ती चालताना आता धापा टाकत नसे.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी नवाच्या सुमाराला. जीप मिळाली. वाटभर सासूने माझा हात सोडला नाही. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर ती बसली ती डोळे मिटूनच. आतून काही आवाज आला की मला विचारायची, "अडलं का?" मी म्हणायची, "नाही." असं किती वेळा झालं ते मला सांगता येणार नाही. दुपारी तीनच्या आत मुलगी झाली. दोन किलो सहाशे ग्रॅम. वंदना धडधाकट, पाणी मागत होती. सासूला मी आत नेलं. तिने आधी सुनेला पाहिलं, तिच्या कपाळावरून, गालांवरून हात फिरवला, आणि मग नातीकडे वळली. तो क्रम माझ्या लक्षात राहिला आहे.

मोठाई आली नव्हती. पोरांची खिचडी कोणी शिजवायची? संध्याकाळी मी परतले तर ती अंगणवाडीच्या पायरीवर बसलेली. मी आकडा सांगितला. ती दोनदा तोच आकडा पुटपुटली. "वंदनी?" तिने विचारलं. चांगली आहे म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. मी तिला त्याआधी आणि त्यानंतर कधीच रडताना पाहिलं नाही. मी शेजारी बसून राहिले.

पुढे दोन-अडीच वर्षांनी एका उन्हाळ्यात ती गेली. आठ दिवसांचा ताप, बस. मी तेव्हा रजेवर यवतमाळला होते. परत आले तोवर तेराव्याचं जेवणही होऊन गेलं होतं. अंगणवाडीत नवी मदतनीस आली होती. चांगली होती बिचारी, पण मी कितीतरी दिवस तिच्याशी नीट बोलले नाही.

त्याच वर्षी थंडीत वंदनाची सासू उपकेंद्रावर आली. सोबत तिची धाकटी सून होती. नवी नवरी, पाचवा महिना, मान खाली. मी वजन केलं. बेचाळीस. कमीच होतं. पण आता मी रागवायचं सोडलं होतं. काय बोलावं याचा विचार करत मी कार्ड भरत बसले.

सासू खुर्ची ओढून जवळ आली. "सिस्टर," ती म्हणाली, "इले डोहाळे लागत नाईत."

"लागतील," मी म्हटलं.

"नाई लागनार. वंदनीले तरी कुठं लागले होते?"

मी पेन खाली ठेवलं.

"रोज नवे डोहाळे लागतात का कोनाले?" ती म्हणाली. "आज अंडं, उद्या लाडू. मले समजत होतं सगळं. पन मोठाई म्हनत होती, तर करून पाहू म्हटलं. पोट्टीले उपाशी ठेवाले मले तरी कुठं बरं वाटत होतं? पन मनाचं भेव जात नव्हतं." ती थांबली. खिडकीबाहेर अंगणवाडीकडे तिने एकदा पाहिलं. "आता मोठाई तर नाई राह्यली. मंग म्हटलं तुमाले इचाराव. इले काय लागले ते तुमीच सांगा."

धाकटी सून आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. तिला यातलं काही कळत नव्हतं.

मी म्हटलं, "आज हिला तुरीच्या सोल्यांचे डोहाळे लागलेत. आणि भाकर पूर्ण."   सासू उठली, सुनेला म्हणाली, "चाल, आंधार व्हायच्या आत वावरातून शेंगा आनू," आणि तिला घेऊन निघाली.