वर दिसणारी पावडर

चौकशीमावशी हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याचं तोंड गोड करायला हवं. बाई डुकरांच्या फार्मवर कामाला लागून बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तिनं काही विचारलं नाही असा दिवस गेला नसेल. गाभण डुकरिणीला कोंडा जास्त का? व्याल्यावर ती एवढं पाणी का पिते? डॉक्टरीणबाईंनी नवी पावडर आणली की मावशी आधी बोट बुडवून जिभेला लावणार, तोंड वाकडं करणार, आणि मगच पोतं उतरवून घेणार.

पावडर गाभण आणि पिल्लांना पाजणाऱ्या माद्यांसाठी. हाडांना कॅल्शियम, रक्ताला लोह, दुधाला आणखी काय काय. मावशी सकाळी प्रत्येकीच्या डोणीत कोरडा भरडा ओतायची आणि वर मापभर पावडर भुरभुरायची. मालक फेरीला आले की डोणीत डोकवायचे, पांढरं दिसलं की मान हलवून पुढे जायचे. नव्या बायकांनाही मावशीनं हेच शिकवलं होतं, की बाई गं, वर दिसली पाहिजे.

आता गोम अशी, की सात नंबरची डुकरीण दोनदा व्याली आणि दोन्ही खेपेला पिल्लं मरतुकडी. तिला दूधच पुरेसं उतरेना, अर्धी तशीच गेली. शेजारची आठ नंबर मात्र ठणठणीत, दहा-बारा पिल्लं पोसून वर स्वतः गुबगुबीत. मालकांनी सांगून टाकलं, सातनं तिसऱ्यांदा हेच केलं तर तिला खाटकाकडे धाडायची. सातला तर मावशीनं एवढीशी असल्यापासून वाढवलेलं. शिवाय एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. खाद्य तेच, पावडर तीच, मग हिलाच काय धाड भरलीय?

सात व्यायला महिना उरला होता. मावशीनं बादली पालथी घातली आणि सातसमोर बसकण मारली. बाकीच्या बायका म्हणाल्या, झालं, आता डुकरिणीची चौकशी सुरू. हसेनात का! सात आली, डोणीवर नाक आणलं, आणि तोंड घालण्याआधी जोरात फुत्कारली. एकदा, दोनदा, तीनदा. तिची खोडच ती. पांढरा ढग उडाला आणि गजांतून पलीकडे आठच्या डोणीत जाऊन बसला. आठनं तो निवांत चाटूनपुसून साफ केला.

मावशीनं जगाला सगळं विचारलं, पण आपण पावडर वरून का टाकतो, हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता उत्तर समोर होतं आणि तिला रडूच आलं. ती गेलेली पिल्लं तिला एकेक आठवत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं भरडा पाण्यात कालवायला घेतला, पावडर आत मुरवून, कोपरापर्यंत हात घालून. मालक आले, डोकावले, पांढरं कुठेच नाही. कपाळाला आठी घालून म्हणाले, पावडर कुठे गेली? एखादी थाप सहज पचली असती. नव्या बायकांवर ढकलूनही चाललं असतं. मावशीनं मात्र ढगासकट सगळं सांगितलं.

"ते पांढरं तुम्हाला दिसावं म्हणून होतं, मालक. हिच्या पोटात कधी गेलंच नाही."

मालकही इतकी वर्षं तेच बघून मान हलवत आले होते. खाटकाचं मात्र त्यांनी मागे घेतलं नाही.

महिन्यानं सात व्याली. दहा पिल्लं. एक अंगाखाली दबून गेलं, नऊ सडांना लुचत राहिली, आणि दूध असं की पिल्लांच्या तोंडातून ओघळत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या पावडरनंच झालं असं छातीठोक सांगता यायचं नाही, पण पावडर शेजारणीपेक्षा हिच्या पोटात गेलेली बरी.

आठवड्यानं मालक फेरीला आले. सवयीनं डोणीकडे वळले, थबकले, आणि वाकून पिल्लांकडे बघत राहिले. नऊही धष्टपुष्ट होती. राहू दे हिला, एवढं म्हणून ते पुढे गेले.

मावशी पालथ्या बादलीवर टेकली आणि सातच्या कानामागे खाजवू लागली.

"चूक माझी होती गं," ती म्हणाली, "आणि खाटकाकडे तू निघाली होतीस."