बाळंतिणीच्या खोलीतले दोन थर्मोस्टॅट

मद्रासेत खोली गरम करायला यंत्र लागलं होतं, असं सांगितलं तर लोक हसतात. पण तिकडे पाऊस पडतो तो कार्तिकात, आणि आमची थोरली ऐन त्या झडीत महिनाभर आधी जन्मली. मूठभर जीव. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोली सारखी उबदार ठेवा, मात्र फार तापू देऊ नका.

बाळंतपणासाठी तंजावरहून सासूबाई आल्या होत्या. पाच पोरं वाढवलेली बाई. त्यांनी शेगडी मागितली. मी तेव्हा मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात वीजखात्यात होतो आणि शहाणपण अंगात मावत नव्हतं. धूर बाळाच्या छातीत भरायचा आहे का, असं मी बायकोला ऐकवलं, म्हणजे सासूबाईंनाच. आमच्यात सासू-जावई समोरासमोर बोलत नसत, सगळं बायकोमार्फत चाले. मी विजेचा हीटर आणला आणि त्याला दोन थर्मोस्टॅट जोडले, एक पाळण्याच्या उशाशी, दुसरा खिडकीजवळच्या भिंतीवर. ठरलेली ऊब झाली की वीज तोडणाऱ्या डब्या त्या. शेजारपाजारचे बघून गेले आणि मी प्रत्येकाला तोऱ्यात समजावून सांगितलं.

दोनच दिवस झाले असतील. रविवारी दुपारी जेवून आडवा झालो होतो, तोच बायकोने हाक मारली. पोर लालबुंद झालेली, अंग चटके बसावेत असं, दूध ओढेना. हीटर धगधगत होता आणि खिडकीची एक फळी वीतभर उघडी होती. हीटर बंद केला, आणि पहिलं तोंडातून निघालं ते हे:

"खिडकी कुणी उघडली?"

"मी," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पोरीला उकडत होतं."

मग मी जे बोललो ते लिहायला आजही हात धजत नाही. गार वारा लागला म्हणून यंत्र तापत राहिलं, तुमच्यापायी पोर हातची गेली असती, असं त्या बाईला मी तोंडावर सुनावलं. डॉक्टरीणबाईंनी येऊन बाळाचे कपडे काढले, अंग ओल्या फडक्याने पुसलं, थेंब थेंब दूध पाजलं. संध्याकाळी पोरीने मोठ्याने गळा काढला तेव्हा कुठे मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी मी डब्या उघडल्या, आणि माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघींपैकी एकीने जरी पुरे म्हटलं तरी हीटर बंद व्हायला हवा होता. त्यासाठी तार एका डबीतून निघून दुसरीत जायला हवी. मी दोघींना वेगवेगळी तार दिली होती. पाळण्याजवळच्या डबीने केव्हाच वीज तोडली होती, पण खिडकीजवळची, गार वाऱ्यातली, देतच राहिली. जोडणी बरोबर असती तर सासूबाईंनी खिडकी सताड उघडली असती तरी बाळाला धक्का लागला नसता. त्यांच्या हाताला जे कळलं होतं, ते माझ्या यंत्राला कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती.

दहा मिनिटांत तार बदलली. काय करताय, असं बायकोने विचारलं. धूळ झाडतोय, म्हणालो. स्वयंपाकघरात सासूबाई साराला फोडणी देत होत्या. चार पावलं जाऊन दोन वाक्यं बोलायची, एवढंच. जावयाने सासूशी असं बोलणं बरं दिसत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. आदल्या दिवशी ओरडताना ही रीत मला आठवली नव्हती.

दोन वर्षांनी धाकटा झाला. पुऱ्या दिवसांचा, धडधाकट. इस्पितळातल्या आयाने त्याला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं आणि सासूबाईंपुढे धरलं. त्यांनी हात पुढे केलेच नाहीत. बायको आत होती, मध्ये बोलायला कुणी नव्हतं. पदरात हात गुंडाळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी घेऊ का याला?"

सांगून टाकायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मलाही ते कळत होतं.

"घ्या," मी म्हणालो. "पण जपून."