एक सावली जास्त

मित्रांनो, मी सांगोल्याचा, पण लई लांब, डोंगरावरच्या दुर्बिणीवाल्यांकडं स्वयंपाक करतो. आज संध्याकाळी चहा द्यायला गेलो तर मॅडम खुशीत. जवळच्या एका ताऱ्याचा उजेड तिसऱ्यांदा जरासा कमी झाला होता. "समोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला. तो दिसत नाही, त्याची सावली तेवढी कळते," म्हणाल्या.

मला हसू आलं. आमचे आबा अशीच मेंढरं मोजतात. नजर अधू, म्हणून वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या दाराशी बॅटरी लावून समोर बसतात. उजेड झाकला की एक मेंढरू आत.

ही गंमत सांगायला लगेच फोन लावला.

"आज एकसष्ट सावल्या गेल्या की रं," आबा म्हणाले. "मेंढरं तर साठच हायत."

मागं असंच झालं तेव्हा आत लांडगा निघाला होता.

"आबा, आत जाऊ नगा!"

"गप लेका. कुत्रंबी भुंकंना झालंय. बघून येतो."

तास झाला, आबा फोन उचलत नाहीत. शेजाऱ्यांचाही लागत नाही. इथं पेढे वाटणं चाललंय. त्या ग्रहावर काय असेल, हे कुणी विचारत नाही.

सांगोल्याकडचं कुणी आमच्या माळावर जाऊन येतंय का? एकटं जाऊ नका.