काचेच्या आतलं कुंकू

भुताखेताच्या गोष्टी कोणी सुरू केल्या की मी उठून चहा टाकायला जाते. मी रायपूरला अकरावी-बारावीच्या पोट्ट्यांना केमिस्ट्री शिकवते. नजर, बाधा, लिंबू-मिरची – मुळीच विश्वास नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटून राहिली आहे… पण जिंकले आहे, तर सांगणारच!

घर पुरानी बस्तीत, पहिला मजला. मी, नवरा आणि सासूबाई. बाहेरच्या खोलीत कूलरच्या बाजूला माझा गेमिंग पीसी – एका बाजूने काच असलेला, स्वतःच्या हातांनी जोडलेला. हो, चाळिशीतली बाई गेम खेळते, हसा खुशाल. पाच जणांची आमची टीम, बाकी चौघं माझ्याहून लहान, मला दीदी म्हणतात. आम्ही ऑनलाइन लीगच्या फायनलला पोचलो होतो आणि फायनल होती दसऱ्याच्या दुपारी.

आणि नेमका तेव्हाच माझ्या रॅमने दगा द्यायला सुरुवात केली.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रॅम नेहमीच्या वेगापेक्षा जास्त पळवता येते, त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. पळवली तर गेम लोण्यासारखा चालतो, नाही पळवली तर ऐन मारामारीत अडकतो. मी सहा हजारावर चालवत होते. टेस्ट लावली की सगळं पास, गेम लावला की निळी स्क्रीन! सेमीफायनलला मी मध्येच बंद पडले आणि चौघांनी पाच जणांशी लढून कशीबशी मॅच वाचवली.

कॅप्टनचा फोन आला. "दीदी, बुरा मत मानना. फाइनल के पहले पीसी ठीक नहीं हुआ तो आपकी जगह भिलाई वाला लड़का खेलेगा."

वाईट कसं वाटणार नाही? वर्षभर खपले होते मी या टीमसाठी!

मग काय, भिडले. दोन रॅमपैकी एकेक वेगळी लावून पाहिली – दोन्ही शहाण्या. एकत्र लावल्या की भांडण. जागा बदलल्या, व्होल्टेज वाढवलं, मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, अपडेट केलं, पंखा लावला. स्वयंपाक नवऱ्यावर टाकला. अष्टमीच्या संध्याकाळी परत निळी स्क्रीन आली तेव्हा मी टेबलावर हात आपटला आणि चक्क रडले. सगळ्या सेटिंग मिटवून रॅम साध्या वेगावर आणून ठेवली. म्हटलं, उद्याचा एक पूर्ण दिवस आहे, सकाळी डोकं थंड ठेवून पुन्हा बघू.

सकाळी क्लास घेऊन घरी आले तर टेबल रिकामं!

खंडेनवमी होती. सासूबाईंनी देवघरापुढे घरातली हत्यारं मांडली होती – शिलाई मशीन, विळी, सुरी, माझा स्क्रू काढायचा पेचकस… आणि मधोमध माझा पीसी. काचेवर कुंकवाचं ठसठशीत बोट, वर झेंडूचा हार. वायर गुंडाळून फळीवर. नवऱ्याकडून उचलून आणवला होता. आणि पूजेतलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, हा आमच्या घरचा नेम.

माझं डोकंच फिरलं. "आई, एकच दिवस उरला होता माझ्याकडे! विचारायचं तरी!"

"काहून ओरडून राहिली वं?" त्या शांतपणे वाती वळत होत्या. "माही मशीन ठेवली, तुयं हत्यार नको ठेवू? रोज त्याच्याशी झुंजते तू, मले दिसत नाही का? आज त्याले आराम दे. उद्या दसरा आहे. उद्या उचल अन् जिंकून ये."

एरवी त्याच पीसीला त्या 'डबडं' म्हणायच्या. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो म्हणाला, "एक दिन की बात है यार, जाने दे." मी रागारागात खोलीत जाऊन पडले. पण आत कुठेतरी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याला क्लासची पूजा आटोपून आले तोवर मॅचची वेळ झालेली. पीसी उचलला, वायर जोडली, सरळ गेम लावला. कॅप्टनला म्हटलं, साध्या वेगावर खेळते, अडकले तर सांभाळून घ्या. तो "हव दीदी" म्हणाला, पण आवाज पडलेला होता.

आणि मी अडकलेच नाही! धूर, गोळ्या, दहाच्या दहा जण एका जागी… स्क्रीन पाण्यासारखी वाहत होती. शेवटच्या फेरीत मी एकटी उरले, समोर तिघं. तिघांनाही आडवं केलं! कानात चौघं किंचाळत होते, "दीदी! दीदी!" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून येऊन माझ्या हातावर सोनं ठेवलं – आपट्याची पानं – आणि मी त्यांना उचलून गरकन फिरवलं.

मग सहज सेटिंग पाहिली. रॅम सहा हजार चारशेवर! त्या आकड्यावर माझा पीसी कधी सुरूसुद्धा झाला नव्हता. खालचे टायमिंगचे बारीक आकडे मी कधीच न टाकलेले.

कोणी केलं? वायर फळीवर होती. नवऱ्याला बायोस म्हणजे काय तेही माहीत नाही, त्याने आईची शपथ घेतली.

काचेवरचं कुंकू पुसायला फडकं घेतलं. बाहेरचा ठिपका गेला, पण मागे लाल दिसतच होतं. वाकून पाहिलं… आत, दोन्ही रॅमवर एकेक कुंकवाचं बोट, वर एकेक अक्षत चिकटलेली. काचेचे स्क्रू घट्ट. आणि ते उघडणारा पेचकस पूजेत, फुलांखाली!

"म्या काचेवरच लावलं बापा," सासूबाई म्हणाल्या. "मले तो उघडता येते का?"

कुंकू पंख्यातून आत गेलं असेल, म्हणाल. गोल ठिपका होऊन? तांदळासकट? आणि आकडे? बोर्ड कधीकधी स्वतःहून सेटिंग बदलतो, हे मलाही माहीत आहे. पण तो वेग खाली आणतो. कॅप्टनकडे अशीच रॅम आहे, त्याला तेच आकडे टाकून बघायला लावले, त्याचा पीसी सुरूच होत नाही.

खरं तर प्रयोग सोपा आहे. पेचकस घ्यायचा, काच उघडायची, ओल्या कापसाने दोन ठिपके पुसायचे आणि बघायचं. वर्गात पोट्ट्यांना मी हेच शिकवते – शंका आली की करून बघा.

पण लीगचा नवीन सीझन सुरू झालाय हो. आणि त्या काचेला मी हात लावू देणार नाही… कोणालाच!